नरक्याचा काढा

औषधी वनस्पतींचा विषय निघाला की आपल्याकडे एक सिद्धान्त इतक्या निःशंक सुरात मांडला जातो, आणि श्रोतृवर्ग त्याला इतक्या तत्परतेने मान डोलावतो, की त्याची रुजुवात करून घ्यावी असे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. सिद्धान्त असा की, वनस्पती ही निसर्गाने समतोल राखून घडविलेली समग्र वस्तू आहे. तिच्यातील अनेक द्रव्ये परस्परांना साह्य करतात आणि परस्परांना आवरतातही. रसायनशास्त्रज्ञ त्यांतले एकच द्रव्य ओढून काढतो, त्याची गोळी वळतो आणि गोळी बाधली म्हणजे आश्चर्य करीत बसतो. सबब मूळ वनस्पतीच सेवन करावी, ती निरुपद्रवी असते, आणि तिचे गुण पूर्वजांनी ठरवून ठेवलेले असल्यामुळे प्रयोगशाळेच्या शिक्कामोर्तबाची तिला गरज नाही. हा पूर्वपक्ष मी होईल तितक्या प्रामाणिकपणे मांडला आहे, कारण त्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो पुढे यथास्थळी कबूल करावयाचा आहे. परंतु सिद्धान्त म्हणून तो टिकत नाही, व्यवहारात तो घातक आहे, आणि त्याच्या कैवाऱ्यांना सर्वांत अधिक झोंबावी अशी गोष्ट म्हणजे, ज्या आयुर्वेदाच्या नावाने तो मांडला जातो त्या आयुर्वेदालाच तो मान्य नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-आंबोलीकडच्या सदाहरित रानांत, नरक्या नावाचे एक लहानखुरे झाड उगवते. फुलांना दुर्गंधी येते, एवढीच त्याची पुष्कळ वर्षे ख्याती होती. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य विपुल आहे, हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या दोघा भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. ते द्रव्य त्यापूर्वी सहा वर्षे अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे काढून त्याची रचना प्रसिद्ध केली होती. आणि हे वाणी आपल्या नंदुरबारात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ठाऊक नाही. टॅक्सॉलची रचनाही याच जोडीने आपल्या सहकाऱ्यांसह १९७१ साली जाहीर केली. एकाच माणसाच्या हातून कर्करोगावरील औषधांची दोन घराणी निघावीत, हा योग विरळा.

या कॅम्प्टोथेसिनची पुढची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण समग्रतेच्या सिद्धान्ताची खरी कसोटी तेथे लागते. प्राण्यांच्या कर्करोगावर ते प्रभावी ठरले, परंतु पाण्यात ते विरघळेना. आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देता येत नाही. तेव्हा त्याचा सोडियमचा क्षार करण्यात आला. तो विरघळला खरा, पण त्याच्या रेणूतले जे एक लॅक्टोनचे कडे मिटलेले असल्याशिवाय हे द्रव्य निरुपयोगी असते, तेच कडे क्षार करताना उघडे पडले. परिणाम असा झाला की, रक्तात औषधाचा गुण उणावला, आणि मूत्राशयात पोहोचल्यावर तेथील आम्लतेमुळे ते कडे पुन्हा मिटून औषध नको तेथे प्रखर झाले. रोग्यांना लघवीवाटे रक्त जाऊ लागले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभीच त्या चाचण्या बंद कराव्या लागल्या. दहाबारा वर्षे हा मामला थंड पडून होता. मग १९८५ साली कळून आले की, पेशीतील डीएनएचा पीळ सोडविणारे टोपोआयसोमरेज नावाचे जे विकर आहे, त्यालाच हे द्रव्य अडकवून ठेवते. आणि ते कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूला अशा जागी नव्या शाखा जोडल्या की, कडे शाबूत राहावे आणि द्रव्यही विरघळावे. त्यातून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे निघाली. १९९६ साली अमेरिकेत पहिल्याला अंडाशयाच्या व दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

आता आमच्या प्रतिपक्षाला एकच विचारावयाचे आहे. नरक्याचे लाकूडही समग्रच आहे. निसर्गाने तेही आपल्या समतोलानेच घडविले आहे. मग त्याचा काढा करून रोग्याला पाजावा, अशी शिफारस तुमच्यापैकी कोणी करील काय? करणार नाही, हे मी खात्रीने सांगतो, आणि न करण्यात शहाणपण आहे. पण मग सिद्धान्ताचे काय झाले? औषध लाकडात होते, हे खरे. परंतु ते लाकूड औषध नव्हते. ते वेगळे काढणे, त्याचे दोष ओळखणे, ते कोठे झोंबते हे हुडकणे आणि निसर्गाने जे केले नव्हते ते त्या रेणूत करणे, इतक्या पायऱ्या चढल्यावर ते औषध झाले. आणि या प्रत्येक पायरीला आमचे प्रतिपक्षी निसर्गाची मोडतोड म्हणत आले आहेत.

यावर असे उत्तर येईल की, नरक्या आयुर्वेदाच्या प्रसिद्ध औषधींपैकी नव्हे. परंपरेने पारखलेली मुळी घ्या. ठीक आहे, सर्पगंधा घेऊ. उन्माद, निद्रानाश आणि विषबाधा यांवर ही मुळी देण्याचा शिरस्ता फार जुना, आणि बिहारकडे तर ती वेडाचे औषध म्हणूनच विकली जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होत असल्याचे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातील काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव आकडेवारीनिशी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे तिच्यातून रेसरपीन निघाले.

रेसरपीन निघाले आणि त्याबरोबर त्याचे दोषही उघडे पडले: नाक चोंदते, आणि काही रोग्यांचे मन असे खचते की जीव नकोसा व्हावा. समग्रतेचे कैवारी हा दाखला मोठ्या उत्साहाने पुढे करतात. त्यांनी क्षणभर थांबून एवढेच पाहावे की, जे रेसरपीन गोळीत आहे तेच मुळीच्या चूर्णातही आहे. फरक इतकाच की, गोळीत ते पाव मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग, असे मोजून घातलेले असते. आणि चूर्णात ते किती आहे हे मुळी कोणत्या प्रांतातली, कोणत्या ऋतूत उपटलेली, किती जुनी, यांवर अवलंबून असते. चूर्ण घेणाऱ्याचे मन खचले तर तो दोष मुळीचा, की मूळ व्याधीचा, की दैवाचा, हे ठरविण्याचा काही मार्ग चूर्ण देणाऱ्यापाशी नव्हता. गोळीचे दप्तर ठेवलेले होते म्हणून गोळी पकडली गेली. ज्याची चोरी सापडली तो चोर आणि ज्याच्या घरी झडतीच झाली नाही तो साव, असा हा न्याय आहे.

शिवाय परस्परांना आवरण्याची गोष्ट. सर्पगंधेत पन्नासांहून अधिक अल्कलॉइडे सापडली आहेत. त्यांतले अजमलीन हृदयाच्या स्पंदनांच्या लयीवर काम करते आणि रेसरपीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली संदेशद्रव्ये रिती करते. ही दोन द्रव्ये एका मुळीत नांदतात, एवढ्यावरून ती एकमेकांचे दोष झाकण्यासाठीच तेथे ठेवलेली आहेत असे अनुमान काढावयाचे, तर एका चाळीत राहणारे सगळे भाडेकरू एकमेकांचे नातलग मानावे लागतील. वनस्पती आपली द्रव्ये किड्यामुंग्यांपासून, बुरशीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी घडविते. मनुष्याचा रक्तदाब तिच्या हिशेबात नाही.

आणि रेसरपीन वेगळे काढल्यामुळे जे ज्ञान हाती आले ते तर चूर्णाच्या पुडीतून कल्पान्तापर्यंत आले नसते. स्वीडनमध्ये १९५७ च्या सुमारास आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले. ससे निपचित पडले. टेकलेले डोके उचलीनात, कान सावरीनात. मग, ज्यापासून मेंदूत डोपामीन बनते ते एल-डोपा त्यांना टोचले, आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून हिंडू लागले. मेंदूतील डोपामीन हे चलनवलनाचे कारण आहे हे या प्रयोगातून उमगले, कंपवाताच्या आधुनिक उपचाराचा पाया त्यावर रचला गेला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या कुलपाला लागणारी ही किल्ली आपल्या सर्पगंधेतून निघाली, पण ती मुळीतून सुटी झाल्यावरच कुलपाला लागली.

येथे मी आरंभी सांगितलेला सत्यांश कबूल करतो. ज्या एल-डोपाने ससे उठले, तेच द्रव्य आपल्या खाजकुहिलीच्या बियांत निसर्गतः असते, आणि ते त्यांतून १९३७ सालीच भारतात वेगळे काढण्यात आले होते. लंडनमध्ये २००४ साली कंपवाताच्या आठ रोग्यांना एकदा एल-डोपाच्या प्रचलित गोळ्या आणि एकदा कुहिलीच्या बियांची ३० ग्रॅम पूड देऊन तुलना करण्यात आली. पुडीचा गुण लवकर आला आणि अधिक वेळ टिकला, आणि अंगाच्या नकोशा हालचाली त्यामुळे काही वाढल्या नाहीत. आठ रोगी म्हणजे फार नव्हेत. तथापि दाखला आमच्या प्रतिपक्षाच्या बाजूचा आहे आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. समग्र बीजात एल-डोपाशिवायही काही साहाय्यक असावे, ही शंका रास्त आहे. मात्र ही तुलना करता आली ती कशाच्या बळावर? बियांत एल-डोपा आहे आणि ते किती आहे हे आधी ठाऊक होते म्हणून. समग्रतेच्या बाजूने जो सर्वांत भक्कम साक्षीदार उभा आहे, त्यालाही रसायनशाळेनेच समन्स बजावून आणले आहे.

आता आयुर्वेदाकडे वळू. तीक्ष्ण विषही युक्तीने योजिले तर उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही चुकीने योजिले तर विष ठरते, हा आशय चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. आणि जे शास्त्र आपल्या पहिल्या अध्यायात असे बजावते, त्याच्या माथी ‘निसर्गाचे ते निरुपद्रवी’ हे विधान मारणे हा त्या शास्त्राचा उपमर्द आहे. बचनागाचे शोधन पाहा. मुळीचे लहान तुकडे करावयाचे, ते गोमूत्रात तीन दिवस भिजत ठेवावयाचे आणि गोमूत्र रोज बदलावयाचे, मग ते वाळवून, पोटलीत बांधून, दोलायंत्रात टांगून दुधात उकळावयाचे, आणि त्यानंतरही ते गुंजांच्या मापानेच योजावयाचे. अॅकोनिटीन हे बचनागातील प्राणघातक द्रव्य शिजविल्याने तुटून पुष्कळ सौम्य होते, असे रसायनशास्त्र सांगते. ज्या वैद्यांनी हा विधी बसविला त्यांच्यापाशी रेणूची कल्पना नव्हती. पण मूळ वनस्पती जशीच्या तशी पोटात जाऊ देऊ नये, तिच्यातले काहीतरी काढून टाकल्यावाचून ती औषध होत नाही, हे त्यांना पक्के कळलेले होते. कुचल्याचे तेच, विटांच्या चुऱ्यात घोळून घ्यावयाच्या बिब्ब्याचेही तेच. ही माणसे समग्रतेची भक्त नव्हती. त्यांचे वारस ज्या दिवशी गोमूत्र आणि दूध सोडून काचनळीशी मैत्री करतील, त्या दिवशी परंपरा तुटली असे मी म्हणणार नाही.

चीनमधील एका उदाहरणाने हाच मुद्दा अधिक स्वच्छ होतो. आपल्या दवण्याच्या प्रजातीतील एक झुडूप हिवतापावर द्यावे, असे चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात आहे. त्यात ते पाण्यात भिजवून रस पिळून घ्यावा असे म्हटले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. तू यूयू या विदुषीने नेमके एवढ्यावर बोट ठेवले, उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि आर्टेमिसिनिनपर्यंत मजल मारली. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा येथे पुष्कळांनी तो परंपरेचा विजय म्हणून साजरा केला. तो अर्धा विजय परंपरेचा होताच. पण त्याच झुडपाचा चहा हिवतापावर घेऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेला बजावून सांगावे लागते, कारण चहात द्रव्य थोडे आणि अनिश्चित उतरते, आणि अपुऱ्या मात्रेने रोगाचा जंतू न मरता उलट औषधाला निर्ढावतो. सिंकोनाच्या सालीची हकीकत वेगळी नाही. साल कडू होती, गुणकारी होती, आणि एका पोत्यातली साल दुसऱ्या पोत्यातल्या सालीसारखी कधी नव्हती. १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी पॅरिसमध्ये तिच्यातून कोयनेल काढले म्हणून १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत पैशाला एक याप्रमाणे त्याच्या ठरावीक मात्रेच्या पुड्या विकता आल्या.

मी रसायनशाळेचा वकील आहे असा समज होण्यापूर्वी दुसऱ्या बाजूचीही झडती घेतो. द्रव्य सापडले म्हणजे औषध सापडले, हा तितकाच खुळा समज आहे, आणि अलीकडे परंपरेचे कैवारीच तो सर्वांत मोठ्याने घोषित करताना दिसतात. हळदीचे घ्या. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत देण्यात आले आणि माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करून घेतले, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु ते पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नाही एवढ्याच कारणावरून. पुराव्यात जुने संस्कृत वचन होते आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही होता. हळदीने अमुक रोग बरा होतो असा निवाडा तेथे झाला नाही, कारण तो प्रश्नच त्या कचेरीपुढे नव्हता. तरी हळदीच्या गोळ्या विकणारे त्या निकालाचा हवाला गुणाच्या दाखल्यासारखा देतात! वास्तविक हळदीच्या पुडीत कर्क्युमिन वर्गाची द्रव्ये शंभरात तीनच्या आसपास, पोटातून रक्तात उतरतात ती अत्यल्प, आणि काचपात्रातील चाचण्यांत कर्क्युमिन जवळजवळ प्रत्येक गोष्टीला चिकटून खोटी साक्ष देते, असा साधार आक्षेप रसायनज्ञांनी २०१७ साली घेतला आहे.

गुग्गुळाची गोष्ट तर याहून बोधप्रद. सत्यवतींनी १९६६ साली बनारस विद्यापीठात सुश्रुतातील मेदोरोगाच्या वर्णनावरून सशांवर प्रयोग केले, लखनौच्या संस्थेत त्याचा प्रमाणित अर्क तयार झाला, औषध बाजारात आले. २००३ साली फिलाडेल्फियात १०३ जणांवर आठ आठवडे काटेकोर चाचणी झाली, तेव्हा अर्क घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चारपाच टक्क्यांनी चढले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे पाच टक्क्यांनी उतरले. लक्षात घ्यावे की, हा अर्क एका द्रव्याचा नव्हता, अनेक द्रव्यांचा होता. तेव्हा ‘द्रव्य सुटे केले म्हणून फसले’ ही पळवाट येथे बंद आहे.

परदेशी कंपन्या आपली झाडे नेऊन गबर होतात, ही तक्रार या वादात नेहमी घुसडली जाते. तक्रार खरी आहे. नरक्याचे लाकूड रानातून चोरून तोडले जाते, तोडणाऱ्याच्या पदरात मजुरी पडते आणि नफा फार दूर जातो. यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्याची अंमलबजावणी व्हावी, लाभाचा वाटा रानालगतच्या गावांना मिळावा, आणि या मागणीवर मीही सही करीन. परंतु नफा कोणी खाल्ला हा प्रश्न जमाबंदीचा आहे आणि द्रव्य गुणकारी आहे की नाही हा वैद्यकाचा. पहिल्याचा संताप दुसऱ्याच्या पुराव्यात जमा धरता येत नाही.

शेवटी गुळवेल. करोनाच्या साथीत घरोघर तिचे काढे उकळले गेले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रोगी असे आले की, जे सर्व गुळवेल घेत होते. त्यांपैकी एक दगावला. तज्ज्ञांनी तो वृत्तान्त २०२१ मध्ये छापला, आणि पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून ४३ रोग्यांचा वृत्तान्त आला. शरीराची प्रतिकारशक्ती चेतविणारे द्रव्य, जिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटू पाहत आहे अशा व्यक्तीत ती आग भडकवू शकते, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे ज्या गुणासाठी वेल विकली गेली तोच गुण येथे आरोपी आहे. यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, रोग्यांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख तज्ज्ञांनी पटविलेली नाही आणि ती गुळवेलीची एखादी विषारी भावंडवेल असणे शक्य आहे. हरकत म्हणून ती विचारार्ह होती, आणि ती घेणाऱ्यांनी आपण काय मान्य करीत आहोत हे ध्यानात घ्यावयास हवे होते. दोन वेलींच्या कांड्या जाणत्यालाही चकवतात, त्यांचे चूर्ण झाल्यावर तर ओळखण्याची सोयच उरत नाही, आणि एकीच्या जागी दुसरी पोटात गेली तर यकृत निकामी होते, हे एकदा म्हटले की कांडीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावाचून आणि तिच्या अर्कातील द्रव्ये एकेक करून वेगळी पाडून ताडून पाहिल्यावाचून ती पुडी विकण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. मंत्रालयाने ही हरकत तज्ज्ञांच्या लेखाला घेतली. तीच प्रत्येक पुडीला घ्यावी, आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग घेतला, आणि एका मात्रेत कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम आहे, हे तीन रकाने भरल्याशिवाय गुळवेलीची पुडी दुकानाच्या फळीवर चढणार नाही असा हुकूम काढावा.